प्लास्टर निघालं, आता पुढे काय?

बालमित्रांनो, कंपासपेटी उघडा बरं! त्यातला कोनमापक काढा आणि शेजारी ताई, दादा, आई जे कोणी असेल त्यांच्या हातात द्या. आता तुमचा उजवा हात टेबलावर सरळ पसरा. टेबल नसेल तर पाट चालेल. तळहात वर. हळूहळू कोपर दुमडा आणि बोटं खांद्याला टेकवा. किती अंश झाले? सरळ हाताला शून्य धरलं, तर बहुतेकांचा हात १४० ते १५० अंशांपर्यंत दुमडतो. घास तोंडाशी न्यायला साधारण १३० अंश तरी लागतात.

आता हात ९० अंशांवर थांबवा आणि तसाच ठेवून जेवायचा प्रयत्न करा. भाकरीचा तुकडा हातात, पोटात भूक, आणि तोंड मात्र वीतभर लांब! मान कितीही पुढे काढा, घास काही पोचत नाही.

अडलेल्या हाताला ९० वरून १३० वर कसं न्यायचं, याचं शिक्षण देणारी महाविद्यालयं आहेत. तिथे तुमच्या कोनमापकाचा मोठा भाऊ वापरतात. त्याला दोन लांब दांड्या असतात. एक दांडी दंडाच्या रेषेत धरायची, दुसरी मनगटाकडे, आणि मधल्या चकतीवर कोन वाचायचा. त्याचं नाव गोनिओमीटर. ही विद्या म्हणजे फिजिओथेरपी, मराठीत भौतिकोपचार. नाव जड वाटतंय ना? काम मात्र तुमच्या-आमच्या घरातलं आहे.

मी शिकवते ती शाळा वारंगा फाट्याजवळची. हिंगोली जिल्ह्यातला आमचा फाटा म्हणजे रस्त्यांचंच गाव. नांदेडहून अर्धापूर मागे टाकून आलात की इथे वाट फुटते. एक रस्ता बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा उमरखेड, यवतमाळवरून वर्धा-नागपूरकडे. रात्रंदिवस ट्रकची वर्दळ. शिवारात हळद, सोयाबीन, ऊस. रस्ता आणि शेत दोन्ही असलं की पडणं-झडणं आलंच. दर पावसाळ्यात वर्गात एखादा तरी हात गळ्यात अडकवलेला दिसतो. पोरं त्या प्लास्टरवर पेनाने नावं लिहितात, फुलं काढतात. पांढऱ्याचं निळं होतं! मग एक दिवस प्लास्टर निघतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. झालं बाबा एकदाचं!

खरं तर तिथेच अर्धं काम उरलेलं असतं. आठवडेच्या आठवडे न हललेला हात बारीक झालेला असतो. सांध्याभोवतीचं पिशवीसारखं आवरण आखडलेलं असतं. हाड जुळलेलं असतं, पण हात कामाचा झालेला नसतो.

आमच्या शाळेतली चौथीतली एक मुलगी चिंचेच्या झाडावरून पडली होती. कोपराजवळ हाड मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा हात जेमतेम ७० अंश दुमडत होता. नांदेडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर फिजिओथेरपी लिहून दिली. वडील म्हणाले, "बाई, फोटोत हाड जुळलंय म्हणतात. मग पुन्हा कशाला गाडीभाडं? एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी गेली." त्यांचं काय चुकलं सांगा? दोन एकरांचा संसार, त्यात खुरपणीचे दिवस. आजी तर म्हणत होती की गावात एक जण हाडं चोळून देतो, त्याच्याकडून गरम तेलाने कोपर चोळून घेऊ, चार दिवसांत मोकळं होईल.

पालकहो, ही ओळ तुमच्यासाठी. मोडलेलं कोपर जोरजोरात चोळू नये आणि कुणी ओढून-ताणून सरळही करू नये. तसं केलं तर कोपराभोवतीच्या स्नायूत रक्त साकळतं आणि तिथे चक्क नवं हाड तयार होऊ शकतं. जिथे हाड नको तिथे हाड! मग सांधा आहे त्याहूनही जास्त अडतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट बजावून शिकवतात.

ती मुलगी नांदेडला गेली, पण रोज नव्हे. पहिल्या खेपेला तिथल्या ताईंनी हात मोजला, घरी करायचे व्यायाम दाखवले आणि वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. व्यायाम तरी कसले? कोमट पाण्यात हात बुडवून दुमडायचा-सरळ करायचा. कणीक मळायची. लहान तांब्याने बादलीतलं पाणी काढायचं. दारावर टांगलेल्या घंटीला हात पोचवायचा आणि दर दोन दिवसांनी घंटी बोटभर वर सरकवायची. सगळं तिच्या स्वतःच्या ताकदीने, दुसऱ्याने हात ओढायचा नाही. तक्त्यात ७० नंतर ८२ आले, मग ९५. एका आठवड्यात काहीच वाढलं नाही, तेव्हा ती रुसली. दोन महिन्यांनी आकडा १२८ झाला आणि शाळेतली खिचडी ती उजव्या हाताने खाऊ लागली.

तुम्ही विचाराल, या ताई हे शिकल्या कुठे? आणि आपल्याकडे हे शिकवायला सुरुवात झाली कधी?

त्यासाठी जरा मागे जाऊ. तुमच्या आजोबांच्या लहानपणी पोलिओ नावाचा आजार घराघरांत भीती घालायचा. मुलाला ताप यायचा, ताप उतरायचा आणि पाय लुळा पडायचा. मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. त्या मुलीला घेऊन थेट मद्रासच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे अनेक महिने व्यायाम आणि उपचार चालले आणि मुलीत सुधारणा दिसू लागली. आपल्या मुलीला मिळालं ते इतर मुलांना का मिळू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं, त्याच्यामागेही त्यांचीच धडपड होती. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण एका आईने किती मुलांना पुरायचं? १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. औषधाने लुळा पाय बरा होत नव्हता. त्याला हवे होते रोजचे व्यायाम, आधार, कुबड्या, चालण्याचा सराव, आणि हे शिकवणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून त्या सुमारास परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी मदत केली. आज देशभर या विषयाची जी महाविद्यालयं आहेत, त्यांचं मूळ असं आपल्या मुंबईत, पोलिओच्या साथीत आहे. पोलिओचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. 'दो बूंद' घेऊन घेऊन आपण त्याला हाकलला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालमधला. मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पोलिओ गेला, पण त्याने सुरू करून दिलेली विद्या राहिली आणि वाढली.

आता या शिक्षणात काय असतं ते पाहू. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. पदवीचं नाव बी.पी.टीएच. आतापर्यंत हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष काम. त्या कामाला इंटर्नशिप म्हणतात. २०२५ मध्ये राष्ट्रीय आयोगाने नवा अभ्यासक्रम जाहीर केला आहे. त्यात इंटर्नशिप वर्षभराची आणि एकूण काळ पाच वर्षांचा आहे.

पहिलं वर्ष कठीण, असं शिकून आलेली मुलं सांगतात. आपल्या शरीरात २०६ हाडं आणि सहाशेवर स्नायू. नुसती नावं पाठ करून भागत नाही. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कुठली नस हुकूम देते आणि तो आखडला की काय होतं, हे सगळं लागतं. देहदान केलेल्या माणसांच्या देहावरून शरीररचना शिकवतात. पहिल्या दिवशी त्या खोलीतल्या औषधाच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं म्हणे.

शिवाय पुस्तकं इंग्रजीत. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना घाम फुटतो. घाबरू नका! नावांची गंमत कळली की ती लक्षात राहतात. गुडघ्यावरच्या हाडाला इंग्रजी पुस्तकात पटेला म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन, अर्थ लहानशी थाळी. आणि आपली आजी काय म्हणते? गुडघ्याची वाटी! लॅटिनवाल्यांना आणि आपल्या आजीला एकच भांड्यांचं फडताळ आठवलं की नाही? मांडीवरून तिरका जाणारा एक स्नायू आहे, सार्टोरियस. शरीरातला सर्वांत लांब स्नायू हाच. नावाचा अर्थ शिंप्याचा स्नायू, कारण मांडी घालून बसायला तो मदत करतो आणि पूर्वीचे शिंपी मांडी घालून शिवत. आपल्याकडे मात्र तो सगळ्यांचाच. पंगतीला बसलात की तो कामाला लागलाच.

दुसऱ्या वर्षापासून शरीर हालतं कसं, याचा अभ्यास. विज्ञानातल्या तरफा आठवतात ना, टेकू, भार आणि बल? कोपर ही तरफच आहे. सांधा हा टेकू, तळहातावरची बादली हा भार आणि दंडाचा स्नायू हे बल. व्यायाम कसे द्यायचे, शेक कधी द्यायचा, विजेच्या सौम्य प्रवाहाने स्नायू जागा कसा करायचा, हे शिकवतात. विद्यार्थी आधी एकमेकांवरच सराव करतात. आज मी रुग्ण, उद्या तू! त्यामुळे कुणाच्या अंगाला हात लावताना आधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, ही सवय तिथेच लागते. पुढच्या वर्षांत हाडांचे, मेंदूचे, हृदयाचे, फुप्फुसांचे आजार. आणि रुग्ण, खरेखुरे.

या शिक्षणातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगू? तिथे स्नायूंना गुण देतात. अगदी तुमच्या चाचणीसारखे, पण शंभरपैकी नव्हे, पाचपैकी. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये बसवली गेली. जखमी सैनिकांच्या तुटलेल्या नसा किती सुधारल्या हे मोजायचं होतं. समजा, दंडाचा स्नायू तपासायचा आहे. "हात दुमडा" म्हटलं आणि काहीच झालं नाही, तर शून्य. हात हलला नाही, पण दंडावर ठेवलेल्या बोटाला आत जरासं फडफडल्यासारखं लागलं, तर एक. हात टेबलावर आडवा ठेवून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची अडचण काढून टाकून, घसरत दुमडला, तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर उचलला, तर तीन. वरून थोडं दाबलं तरी उचलला, तर चार. पूर्ण जोराला पुरून उरला, तर पाच.

यात शून्य आणि एक यांमधला फरक डोळ्यांना दिसतच नाही. तो बोटांनाच कळतो. कुणाच्या आजोबांच्या अंगावरून वारं जातं, म्हणजे लकवा होतो. महिनाभर घरचे बघतात, हात तसाच पडलेला. ते म्हणतात, काही फरक नाही. आणि फिजिओथेरपीचा विद्यार्थी वहीत लिहितो, 'एकवरून दोन.' मेंदूचा जो भाग वाचला आहे तो गेलेल्या भागाचं काम थोडं थोडं शिकून घेऊ शकतो, पण त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. रुग्ण कंटाळतो, चिडतो, कधी रडतोसुद्धा. त्या वेळी "आजोबा, काल दोन होतं, आज तीनकडे चाललोय" असं आकड्यानिशी सांगणारं कुणीतरी जवळ लागतं. वर्गात पाढे न येणाऱ्या मुलाला एकेक घर पुढे सरकताना बघणं आणि हे, मला तरी एकाच जातीचं काम वाटतं.

एवढं शिकून शेवटी मालिशच करायचं ना, असं काही पालक विचारतात. मालिशमध्ये रुग्ण पडून असतो आणि दुसरा घाम गाळतो. इथे उलटं आहे. घाम रुग्णाने गाळायचा. कुठली हालचाल, किती वेळा, कधी थांबायचं हे ठरवणं आणि ती त्याच्याकडून करवून घेणं, हे या माणसाचं काम. अतिदक्षता विभागात छातीत साठलेला कफ सुटावा म्हणून हीच माणसं धडपडतात. २०२०-२१ च्या कोरोनाच्या काळात रुग्णांना पालथं झोपवणं, श्वासाचे व्यायाम शिकवणं यातही ती होती.

मुरलीकांत पेटकर हे नाव तुम्ही 'चंदू चॅम्पियन' या २०२४ च्या सिनेमामुळे ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातला हा जवान, मूळचा मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात रुतून बसली. कमरेखालची हालचाल गेली. रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं. का बरं पोहायला? विहिरीत पोहणाऱ्यांना माहीत आहे, पाण्यात अंग हलकं होतं. जमिनीवर जे जड जातं ते पाण्यात जमतं. पेटकर उपचारासाठी पाण्यात उतरले आणि स्पर्धेतच जाऊन पोचले. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. तिथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळे काही पदकं जिंकत नाहीत, आणि जिंकायची गरजही नाही. आमच्याकडच्या बाईला हळद काढायला उकिडवं बसता आलं पाहिजे. परदेशी पुस्तकात गुडघा खुर्चीत बसण्याइतका वाकला, जिना चढता आला, की पुष्कळ झालं. इथे मांडी घालायची असते, चुलीपुढे बसायचं असतं, बांधावरून चालायचं असतं. म्हणून चांगला विद्यार्थी आधी विचारतो, "मावशी, तुम्ही दिवसभरात काय काय करता?" शेवटच्या वर्षात खेड्यात, घरोघरी जाऊन काम करण्याचाही अभ्यास असतो. तिथे यंत्रं नसतात. आढ्याला कप्पी आणि दोरी बांधली की खांद्याचा व्यायाम. अर्धा लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्ध्या किलोचं वजन. सायकलची जुनी ट्यूब ओढायला उत्तम.

शाळेत गाडी घेऊन डॉक्टर येतात, तुमचे डोळे-दात तपासतात, आठवतं? तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरहून झाली. त्यात एखाद्या बाळाचे पाय वाकडे दिसले किंवा बाळ वेळेवर बसत नसलं, तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तिथल्या पथकात फिजिओथेरपिस्ट असतो. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तरीही फाट्यावरच्या माणसाच्या डोक्यात गाडीभाड्याचा हिशेब असतोच. गावाजवळ अशी शिकलेली माणसं हवीत, ती बहुधा गावातूनच शिकायला गेलेली असतील.

आता मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी कामाचं. बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर, राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. सरकारी आणि पालिकेच्या महाविद्यालयांत जागा थोड्या. त्यात मुंबईचं के.ई.एम. आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येतं. खासगी महाविद्यालयं लातूर, छत्रपती संभाजीनगर, प्रवरेकाठचं लोणी अशी ठिकठिकाणी आहेत, आणि वर्ध्याजवळ सावंगीला अभिमत विद्यापीठाचं आहे. म्हणजे आमच्या फाट्यावरून कुठल्याही दिशेची गाडी पकडा! खासगीत फी बरीच असते, हे लपवण्यात अर्थ नाही. मागासवर्गीय मुलांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा राज्य शासनाचा निर्णय आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. खोलीभाडं आणि खानावळ मात्र त्यात येत नाही. तेव्हा प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन सगळे आकडे कागदावर लिहून घ्या.

८ सप्टेंबरला आम्ही शिक्षक फळ्यावर 'आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन' लिहितो. तोच जागतिक फिजिओथेरपी दिनही आहे. यंदा फळ्यावर आणखी एक ओळ लिहायला तुमच्या बाईंना सांगा. आणि दहावीनंतरचा अकरावीचा अर्ज भरताना, गणित सोपं जातं म्हणून जीवशास्त्र सोडण्याआधी दोन दिवस थांबा. ते सोडलं की ही वाट बंद होते.